दगडाची मागची बाजू

दर मार्चमध्ये, गहू घोट्याएवढा झाला
की मी पिवळ्या रंगाचा डबा घेऊन निघते.
आमच्या हद्दीत बाण एकूण एकेचाळीस.
पहिला वाळक्या एल्मपाशी,
शेवटचा ओढ्यावरच्या पुलाला,
तिथून पुढचं गाव लागतं आणि रंगाचा खर्चही त्यांचा.

बाण सगळे पश्चिमेला.
तिकडे चारशे किलोमीटरवर
संत याकोबाची कबर आहे.
मी गेलेली नाही.
गावात आम्ही अकरा माणसं, त्यातली नऊ गेलेली नाहीत.
उरलेली दोघं गेली ती बसने, एका लग्नाला.

यात्रेकरू मात्र रोज जातात.
सकाळी ऊन पाठीवर,
मग दिवसभर डाव्या गालावर,
म्हणून आमच्याकडे पोचेपर्यंत सगळे
एकाच बाजूने भाजलेल्या पावासारखे दिसतात.
पाठपिशवीला शिंपला, टाचेला फोड,
तोंडात एकच प्रश्न : अजून किती?
म्हातारा एलादियो बाकावरून सांगतो : थोडंच.
तीस वर्षं तो थोडंच म्हणतोय.
कुठून आलात, हे विचारणं आम्ही कधीच सोडलं.
ओढ्याला कोण विचारतं?

मागच्या ऑक्टोबरात एक बाई
समोरून आली.
समोरून म्हणजे चुकीच्या बाजूने.
कुत्रा भुंकला नाही, नुसता उभा राहिला.
एलादियो काठी उगारून ओरडला,
तिकडे, बाई, तिकडे!
ती हसली. म्हणाली, तिकडूनच आले.

नाव गोडेलिव्ह. फ्लँडर्सकडची.
बोट आली की कालव्यावरचा पूल उचलायचा,
गेली की खाली घ्यायचा,
अशी एकतीस वर्षं नोकरी केलेली.
मी शिळ्या पावाचं लसूणसार केलं,
वर अंडं फोडून घातलं.
दिव्याखाली बघते तर
तिचे दोन्ही गाल सारखेच भाजलेले.

विमान आहे, रेल्वे आहे, मी म्हटलं.
पूर्वी नव्हती, ती म्हणाली.
पूर्वी कबरीपाशी पोचलं
की वाट अर्धी झाली असं धरायचे.
घर त्या टोकाला नसतं ना.
मग बराच वेळ चमचा चाटत राहिली.
कशासाठी निघाली होती, मी विचारलं नाही.

बाणांचं मात्र विचारलं.
सगळे पाठमोरे, मग रस्ता कसा सापडतो?
दर दगडाशी वळून बघते, मान धरते, म्हणाली.
फक्त तुमच्या गावात नाही धरली.
तुमच्या दगडांना मागून
पिवळे फटकारे आहेत.
फिकट आहेत, पण आहेत. कोणी काढले?

रंगाचा डबा आधी माझ्या बापाकडे होता.
एउतिमियो. मेंढ्या राखायचा. हात सढळ,
बाण काढला की ओघळणारा ब्रश
दगडाच्या मागे पुसायचा.
मी ओरडायचे, बाबा, घाण करू नका.
तो गेल्यापासून नऊ वर्षं मी फडकं वापरते.
घडी घातलेलं.

हे मी तिला सांगितलं नाही.
भाषा पुरली नसती, असं म्हणू.

सकाळी ती निघाली, ऊन थेट डोळ्यांत,
टोपी नाकापर्यंत ओढलेली.
ती दिसेनाशी झाल्यावर मी निघाले,
एल्मपर्यंत गेले,
दर दगडाची मागची बाजू बघत.
शेवाळ. चिकटलेल्या गोगलगाई.
आणि खाली बापाचा हात :
कुठे लांब ओढलेला, कुठे दोनदा घासलेला,
एकावर नुसती चार बोटं,
त्या दिवशी ब्रश हातून पडला असावा.

यंदाही बाण एकेचाळीस.
फडकं घरी विसरले.
विसरले, असं एलादियोला सांगितलं.